कातडीखालचे दार

माझ्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या, उजव्या खांद्याजवळ, गळ्याच्या आडव्या हाडाखाली तीन बोटांवर एक उंचवटा होता. जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा. नवख्या माणसाला वाटावे, हीच ती कॅन्सरची गाठ. पण गाठ होती डाव्या बाजूला, आणि ती शस्त्रक्रियेत निघूनही गेली होती. हा उंचवटा डॉक्टरांनी मुद्दाम बसवलेला होता. त्याला पोर्ट म्हणतात. टिटॅनियमची अगर कठीण प्लास्टिकची एक चिमुकली डबी, तिच्यावर सिलिकोनचे जाड झाकण, आणि डबीतून निघून मोठ्या शिरेत शिरणारी व हृदयाच्या दाराशी थांबणारी एक बारीक नळी. सगळा प्रकार कातडीखाली. औषध द्यायचे तेव्हा कातडीतून त्या झाकणात सुई टोचायची, काम झाले की काढून घ्यायची. मधल्या दिवसांत बाई अंघोळ करू शकते, भाकऱ्या थापू शकते, आणि पदर नीट घेतला तर शेजारणीलाही पत्ता लागत नाही.

पोर्ट वापरात नसला तरी महिना-दोन महिन्यांनी त्यातून मिठाचे पाणी सोडून नळी धुवावी लागते. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उपचाराला मध्येच खंड पडला, तेव्हा हे धुणे आम्ही जवळच्याच एका दवाखान्यात उरकले. घरी पोचेतो अक्काला हुडहुडी भरली. दातावर दात आपटत होते. चार घोंगड्या घातल्या तरी थंडी जाईना, आणि मग ताप एकशे तीनवर गेला. संध्याकाळी आपोआप उतरला. आम्ही म्हटले, औषधांचा उष्मा असेल; तापाची गोळी दिली आणि गप्प बसलो. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मोठ्या इस्पितळातल्या एका वयस्क नर्सबाईंनी एकच प्रश्न विचारला, "थंडी वाजली ती सुई टोचल्यावर किती वेळाने?" मी म्हटले, "तासाभरात." बाईंचा चेहराच बदलला. रक्ताचे दोन नमुने घेतले गेले, एक हातातून आणि एक पोर्टमधून, आणि चौथ्या दिवशी पोर्ट काढून टाकावा लागला.

मी डॉक्टर नव्हे. शाळेत इतिहास शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. पण त्या एका प्रश्नाने मी पुरता ओशाळलो. दोन महिने जी गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर घडत होती ती आम्हांला दिसली नाही, आणि बाईंना ती न पाहता कळली. तेव्हापासून या डबीचा पूर्वेतिहास मी शोधत गेलो. शोधता शोधता ध्यानात आले की, डबी जरी १९८२ सालची असली तरी तिची दुखणी फार जुनी आहेत.

शिरेतून औषध देण्याची कल्पना सुचायला आधी रक्त फिरते हे ठाऊक असावे लागते. विल्यम हार्वे याने ते १६२८ मध्ये सिद्ध केले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १६५६ मध्ये, ऑक्सफर्डला ख्रिस्तोफर रेन या तरुणाने एका कुत्र्याच्या मागल्या पायाची शीर उघडून तीत दारूत कालवलेली अफू सोडली. पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल ज्याने बांधले तोच हा रेन. सुई अद्याप जन्मायची होती. रेनने पिसाची पोकळ नळी आणि जनावराचा फुगा वापरला. कुत्रे झिंगले. ते झोपेतच मरू नये म्हणून त्याला बागेतून फटके मारीत पळवले, आणि ते जगले. ही हकीकत रॉबर्ट बॉइल याने लिहून ठेवली आहे. पुढे ते कुत्रे लठ्ठ झाले आणि इतके प्रसिद्धीस चढले की कोणीतरी ते चोरून नेले, असेही तो सांगतो. शिरेतील उपचाराचा हा पहिला नोंदलेला रुग्ण सुखरूप सुटला म्हणायचा. त्याच्यामागून आलेले सारेच काही इतके सुदैवी नव्हते.

१८३२ मध्ये स्कॉटलंडमधील लीथ गावी पटकीची साथ होती. पटकीत रक्तातले पाणी व क्षार निघून जातात, ते परत घातले पाहिजेत, असा विचार बावीस वर्षांच्या विल्यम ओशॉनेसी याने आदल्या वर्षी मांडला होता. (हाच ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्यास आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्याने विणले.) तो विचार टॉमस लाटा या डॉक्टराने प्रत्यक्षात आणला. जिची नाडी लागत नव्हती अशा एका म्हातारीच्या दंडाच्या शिरेत त्याने नळी घातली आणि औंस-औंस करीत सहा पाइंट खारे पाणी सोडले. म्हातारीचे डोळे चमकले, आवाज परतला, आता बरे वाटते असे ती म्हणू लागली. लाटा थकलेला होता. तिला इस्पितळाच्या डॉक्टरवर सोपवून तो निघून गेला. जुलाब-वांत्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा कोणी सोडले नाही, आणि काही तासांत म्हातारी गेली. दार उघडण्याची युक्ती साधली होती. ते सांभाळायचे कोणी, हा प्रश्न तिथेच प्रथम उभा राहिला.

दुसरी अडचण रक्ताच्या स्वभावातच होती. शिरेत परकी वस्तू आली की रक्त गोठू पाहते. बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले की, शिरेत धरलेली गुठळी तुटून वाहत जाते आणि फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकते. गुठळी का धरते याची पुढे तीन कारणे मानली गेली आणि ती त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गुणच बदलणे. नळी घातली की पहिली दोन कारणे आपणच पुरवतो. तिसरे कारण कॅन्सर पुरवतो.

हे तिसरे कारण ज्याने ओळखले त्याची कथा मला विसरता येत नाही. आर्मां त्रूसो हा पॅरिसच्या ओतेल-द्यू इस्पितळातला नामांकित अध्यापक. १८६५ साली छापलेल्या व्याख्यानात त्याने सांगितले की, दुसरे काही कारण सापडत नसताना एखाद्याच्या शिरेत वेदनेसह गुठळी धरली, तर आत कोठेतरी कॅन्सर दडला असल्याचा संशय घ्यावा. दोन वर्षेही उलटली नाहीत तोच, १८६७ च्या आरंभी, त्याच्या स्वतःच्या शिरेत गुठळी धरली. पोटाचे दुखणे आधीपासून होतेच. आता आपण संपलो, आता शंका उरली नाही, अशा अर्थाचे शब्द त्याने आपल्या शिष्याजवळ काढले. त्याच वर्षी जठराच्या कॅन्सरने तो वारला. आपण वर्गात शिकवलेला धडा आपल्याच दंडावर गिरवला जावा, याहून कठोर परीक्षा कोणत्या मास्तराच्या वाट्याला आली असेल! पोर्ट बसवलेल्या रुग्णाचा हात किंवा मान सुजली, गळ्यावरच्या शिरा फुगून दिसू लागल्या, की डॉक्टर जी गुठळी शोधतात ती त्रूसोचीच गुठळी होय.

नळी हृदयाच्या दारापर्यंत नेण्याचे धाडस मात्र विसाव्या शतकाची वाट पाहत होते. बर्लिनच्या ईशान्येस एबर्सवाल्डे नावाचे गाव आहे. तेथील इस्पितळात १९२९ मध्ये वेर्नर फोर्समन हा पंचविशीतला उमेदवार डॉक्टर काम करीत होता. हृदय बंद पडत असलेल्या रोग्याला औषध थेट हृदयात पोचवता आले तर किती बरे, असे त्याला वाटे. आणि त्यासाठी छातीत सुई खुपसण्यापेक्षा हाताच्या शिरेतून लांब नळी सरकवावी, अशी त्याची कल्पना होती. वरिष्ठाने परवानगी नाकारली. निर्जंतुक हत्यारे गेर्डा डिट्झेन या नर्सच्या ताब्यात असत. फोर्समनने तिला आपला बेत सांगितला, तेव्हा तिने प्रयोगासाठी स्वतःलाच पुढे केले. त्याने तिला टेबलावर बांधले, आणि ती बांधलेली असताना स्वतःच्याच डाव्या हाताची शीर उघडून मूत्रमार्गासाठी असलेली बारीक नळी पासष्ट सेंटिमीटर आत सारली. मग तिला सोडवून, नळी हातात तशीच ठेवून, दोघे जिना उतरून तळघरातल्या क्ष-किरणाच्या खोलीत गेली. नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे छायाचित्र आजही उपलब्ध आहे.

त्याचे कौतुक झाले नाही. हृदयाचे काम सोडून तो मूत्ररोगांकडे वळला. १९३२ मध्ये तो नाझी पक्षात शिरला, हेही त्याच्या चरित्रातून पुसता येत नाही. अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी त्याची वाट पुढे नेली, आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा फोर्समन एका लहानशा जर्मन गावी मूत्ररोगांवर उपचार करीत होता. माझ्या विषयाला त्याच्या कथेतली एक गोष्ट लागू आहे. पुढे हृदयात नळी घातली गेली ती मुख्यतः हृदयाचे दाब मोजण्यासाठी. त्याचा मूळ हेतू मात्र औषध पोचवणे हा होता, आणि तो कॅन्सरच्या रोग्यांच्या बाबतीत पुरा झाला.

कॅन्सरवरची पहिली औषधे शिरांना मुळीच मानवणारी नव्हती, कारण ती युद्धाच्या विषातून निघाली होती. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने सैनिकांच्या अंगावर फोड आणले. त्याच कुळातले नायट्रोजन मस्टर्ड हे द्रव्य १९४२ मध्ये येल विद्यापीठात गुडमन व गिलमन यांच्या संशोधनातून लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या एका रोग्याला शिरेतून देण्यात आले. गाठी विरघळल्या, पुढे त्या परत आल्या. पण कातडीवर फोड आणणारे द्रव्य शिरेच्या अस्तराला काय करील, हे सांगायला नकोच. त्यानंतर आपल्याकडे कुंडीकुंडीत फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन निघाले. इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका जंतूच्या वंशातून लालभडक ॲड्रियामायसिन निघाले. एड्रियाटिक समुद्रावरून त्याला ते नाव पडले. दोन्ही औषधांनी असंख्य प्राण वाचवले. दोन्ही औषधे शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. हातावरची शीर बारीक, तिच्यातला प्रवाह मंद. औषध तिथे रेंगाळते. हृदयालगतच्या मोठ्या शिरेतून मिनिटाला सुमारे दोन लिटर रक्त वाहते, तिथे पडलेला थेंब क्षणात पातळ होतो. पोर्टच्या नळीचे टोक तिथवर नेण्याचे एवढेच कारण आहे.

तिथवर जाण्याचा जवळचा रस्ता फ्रेंच शल्यवैद्य रोबेर ओबानियाक याने १९५२ मध्ये दाखवला, गळ्याच्या हाडाखालून थेट सुई घालून. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर याने सुईतून तार, आणि तारेवरून नळी, अशी सोपी युक्ती काढली. १९७३ मध्ये ब्रोव्हियाक याने आणि १९७९ मध्ये हिकमन याने, दोघांनीही अमेरिकेतल्या सिॲटल शहरी, महिनोन् महिने शिरेत राहील अशी सिलिकोनची नळी तयार केली. ती छातीवरून बाहेर लोंबत असे. तिला पट्टी हवी, पाण्यापासून जपणूक हवी, आणि बाहेरच्या टोकाकडून जंतूंना सताड वाट. मग १९८२ मध्ये मिशिगन विद्यापीठातील जॉन नीडरह्यूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळेच यंत्र कातडीखाली पुरण्याचा प्रकार प्रसिद्ध केला. दार आत गेले. कातडी हीच त्याची कडी झाली.

पण दार दिसेनासे झाले म्हणून त्याची दुखणी संपली नाहीत, ती नुसती आत गेली.

ओबानियाकच्या जवळच्या रस्त्याचेच पाहा. गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांच्या सापटीतून नळी जाते. माणूस हात वर करतो, कळशी उचलतो, दोर ओढतो. दर वेळी ती सापट कात्रीसारखी मिटते. १९८४ मध्ये एटकेन व मिंटन या दोघा डॉक्टरांनी क्ष-किरण चित्रात त्या जागी चेपलेली नळी दाखवून इशारा दिला की, ही पुढे तुटणार. काही रोग्यांत ती तुटतेही, आणि तुकडा वाहत हृदयात वा फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन बसतो. तो काढायला मांडीच्या शिरेतून फासा असलेली दुसरी नळी हृदयापर्यंत नेतात, म्हणजे पुन्हा फोर्समनचीच वाट. हल्ली बहुतेक ठिकाणी मानेतल्या शिरेतून, ध्वनिलहरींच्या चित्रावर पाहत नळी घालतात. त्यामुळे ही कात्रीही टळते आणि सुई चुकून फुप्फुसाला लागण्याचे भयही पुष्कळ कमी होते.

सुईचे पाहा. साधी सुई रबरी झाकणात टोचली तर ती त्याचा बारीक लगदा कोरून काढते, आणि काही दिवसांनी झाकण गळू लागते. त्यासाठी टोकाशी वाकवलेली, कोरणार नाही अशी सुई लागते. ती सिॲटलच्याच ह्यूबर नावाच्या एका दंतवैद्याने पोर्टच्या कितीतरी आधी, १९४० नंतरच्या दशकात बनवली होती. आमच्या तालुक्याला ही सुई मिळेना. "कोणतीही सुई चालते हो," असे आम्हांला सांगण्यात आले, आणि आम्ही मान डोलावली.

गुठळीचे तर सांगितलेच. तिचे धाकटे भावंड म्हणजे नळीच्या टोकाभोवती धरणारी सायीसारखी पिशवी. ती झडपेसारखी वागते. पाणी आत जाते, रक्त मात्र बाहेर ओढता येत नाही. अननुभवी हाताला वाटते, जाते आहे ना आत, मग ठीक आहे! आणि तेच सर्वांत धोक्याचे, कारण औषध त्या सायीच्या आतून मागे सरकत कातडीखाली उतरू शकते. म्हणून जाळणारे औषध जोडण्यापूर्वी पिचकारीत रक्त ओढून पाहायचे, आणि ते आले नाही तर थांबायचे, हा नियम आहे. नळीत रक्त गोठू नये म्हणून हेपारिन भरून ठेवण्याची रीत पडली. हे द्रव्य १९१६ मध्ये जे मॅक्लीन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठवणारा पदार्थ शोधताना भलतेच म्हणून सापडले. आता पुष्कळ ठिकाणी नुसते मिठाचे पाणी पुरते असे दिसून आले आहे, मात्र ते झटक्या-झटक्याने सोडावे लागते.

आणि जंतू. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर ऑग्स्टन याने १८८० नंतर पुवात घोसाघोसाने राहणारे जंतू पाहिले आणि द्राक्षांच्या घोसावरून त्यांचे ग्रीक नाव ठेवले, स्टॅफिलोकॉकस. त्यांतली एक जात प्रत्येकाच्या कातडीवर असते, तुमच्या आणि माझ्याही. बिचारी निरुपद्रवी म्हणून कोणी तिच्याकडे लक्ष देत नसे. पण तिला चिकटायला गुळगुळीत नळी मिळाली की ती तिथे वस्ती करते आणि भोवती बुळबुळीत थर विणते. नदीतल्या दगडावर पाय घसरतो तो तसल्याच थरामुळे. बिल कॉस्टरटन यांनी १९७८ मध्ये ही दोन्हींकडची गोष्ट एकच असल्याचे लोकांपुढे मांडले. या थराआड जंतूंना औषध पोचत नाही, शरीराच्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. रोगी एरवी ठणठणीत दिसतो. नळीत पाणी सोडले, की थराचे तुकडे सुटून थेट हृदयात जातात, आणि तासाभरात हुडहुडी भरते. अक्काचे हेच झाले होते. पोर्टमधल्या रक्तात जंतू हातातल्या रक्ताच्या आधी वाढले, त्यावरून घर कुठे आहे ते कळले. कॅन्सरच्या औषधांनी पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना असला ताप घरी गोळ्या देऊन काढणे म्हणजे विस्तवाशी खेळ. तो खेळ मी दोनदा खेळलो.

यावरून पोर्टच वाईट, असे कोणी समजू नये. २००६ मध्ये डेनिस मॅकी आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. शिरेत हजार दिवस नळी असता रक्तात जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण पोर्टमध्ये ०.१, तर हिकमनसारख्या बाहेर निघणाऱ्या नळ्यांत १.६ इतके आढळले. ब्रिटनमध्ये १,०६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात आलेल्या तुलनेत पोर्टवाल्यांपैकी २९ टक्क्यांना काही ना काही उपद्रव झाला, हिकमनवाल्यांपैकी ४३ टक्क्यांना. पोर्ट जिंकला खरा. पण २९ टक्के म्हणजे तिघांमागे जवळजवळ एक, आणि तो एक आपल्या घरातला असला की टक्केवारी वाचण्याची रीत बदलते.

मिशिगन या नावाशी मी पुन्हा एकदा अडखळलो. जिथे पोर्ट जन्मला त्याच राज्यात, अतिदक्षता विभागांतल्या नळ्यांच्या बाबतीत, पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी सक्तीने पाळायला लावली. हात धुवा, रोग्याला पूर्ण झाकून घ्या, क्लोरहेक्झिडिनने कातडी पुसा, मांडीची शीर टाळा, गरज संपताच नळी काढा. त्याचा वृत्तांत २००६ मध्ये आला. दीड वर्षात संसर्गाचे सरासरी प्रमाण हजार दिवसांमागे ७.७ वरून १.४ वर आले. नवे यंत्र नाही की नवे औषध नाही. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना हात धुवायला सांगितले होते, त्याला तेव्हा एकशे एकोणसाठ वर्षे झाली होती.

अक्काचा पोर्ट काढल्यावर दोन वेळचे औषध उजव्या हाताच्या शिरेतून द्यावे लागले. डाव्या हाताच्या काखेतल्या ग्रंथी शस्त्रक्रियेत काढलेल्या, म्हणून तो हात वर्ज्य. मनगटापासून कोपरापर्यंत शीर काळी पडली आणि हाताला सुतळीसारखी कडक लागू लागली. शेवटी, "मला ते डबडं परत बसवा," असे तिने स्वतःच डॉक्टरांना सांगितले. रक्तात जंतू उरले नाहीत याची खात्री करून दुसरा पोर्ट बसवला, या वेळी मानेच्या वाटेने.

आता नळी धुवायचा दिवस आला की ती बाकदार सुई शहरातून आणलेली असते आणि अक्काच्या पिशवीत चष्म्याच्या घराशेजारी असते. नर्सने हात धुतलेले तिला दिसावे लागतात. सुई बसली की ती विचारते, "बाई, रक्त आलं का?" आणि पिचकारीत लाल धागा दिसेपर्यंत मान वळवत नाही. ते झाले की तासभर दवाखान्याच्या बाकावर बसते. मी शेजारी बसून वह्या तपासतो. थंडी वाजली नाही, तर दुपारची एस. टी. पकडून आम्ही घरी येतो.